पिशवीतली दोन पेडलं

तैवानमधल्या युआनली गावात युए-च्यावला सगळे ओळखतात ते तिच्या झेंड्यामुळे. दर वसंतात समुद्रदेवी माझू-आईची पालखी निघाली की ही आपली टोपलीवाली काळी सायकल काढते, मागे बांबूला तिकोनी झेंडा बांधते आणि पालखीपाठोपाठ निघते. वाटेतल्या देवळादेवळातून मिळालेल्या कागदी ताइतांचा झेंड्याला आता चांगला जुडगा झाला आहे. लोक तो लांबून ओळखतात आणि गरम भाताचे पुडे तिच्या टोपलीत कोंबतात.

बाकी वर्षभर ती घरात असते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दक्षिणेला गेली, उरली सासू. सासूबाईंना उठवल्याशिवाय उठता येत नाही, पण तोंडाला मात्र कुणी उठवावं लागत नाही. पालखीच्या दिवसांत नणंद येऊन राहते आणि ते उपकार पुढच्या पालखीपर्यंत ऐकवते. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की युए-च्याव ओसरीत बसून लव्हाळ्याची चटई विणते. इतकं तिचं जग, आणि त्यात ती रडत होती असं कुणी म्हणणार नाही. निदान वान-रूची नवी सायकल येईपर्यंत तरी.

वान-रू तिची धाकटी जाऊ, एकाच अंगणाच्या पलीकडच्या खोल्यांत राहणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकल येत नव्हती. भातशेतांमधल्या रस्त्यावर सीट धरून, धापा टाकत, युए-च्यावनंच तिला शिकवलं. पुढे पालखीलाही बरोबर नेलं. एकदा शेंगा सोलताना टीव्हीवर जपानातले समुद्रावरचे पूल दाखवत होते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारे, कडेनं सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट. युए-च्यावचे हात थांबले. ती म्हणाली, की मेल्यावर स्वर्ग नाही मिळाला तरी चालेल, इथं एकदा सायकल चालवायला मिळावी. वान-रू नुसतं हं म्हणाली होती.

आणि आता वान-रू निघाली होती. गावातल्या बायकांच्या सायकल-मंडळाबरोबर, त्याच पुलांवर, स्वतःची सायकल विमानात घालून. जेवताना तिनं ते सांगितलं आणि सासूबाईंच्या देखत विचारलं, "वहिनी, तुम्ही येता का?" सासूबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि थोरल्या सुनेकडे पाहत राहिल्या. युए-च्याव म्हणाली, "मला कशाला."

त्या दिवसापासून तिच्या पोटात निखारा पडला. सकाळी उदबत्ती लावून हात जोडले की डोळ्यांसमोर माझू-आईची मूर्ती यायची आणि तिच्याच डोक्यावर वान-रूचं पिवळं हेल्मेट. तांदूळ निवडताना, सासूबाईंचे पाय चोळताना, एकच गोष्ट मनात घोळायची: इच्छा माझी, शिकवलं मी, आणि जाणार ही. शेजारणी वान-रूचं कौतुक करायला लागल्या की ही मध्येच म्हणायची, हो, सायकल हलकीच आहे, वाऱ्यानं उडाली नाही म्हणजे मिळवलं.

तरी बांधाबांध करायला वान-रूच्या आधी हीच हजर. दुकानातून मोठं खोकं आणलं होतं. पुढचं चाक काढून बाजूला बांधायचं, हँडल आडवं वळवायचं, टायरमधली हवा कमी करायची, पेडलं काढायची. वान-रूनं स्पंज गुंडाळला तर तो घसरून जात होता. कुणी न मागता युए-च्यावनं आपली एक जुनी चटई कापून सांगाड्याला गुंडाळली आणि चोराचे हात बांधावेत तशी दोरी आवळली.

"वहिनी, तिला श्वास तरी घेऊ द्या," वान-रू म्हणाली.

"सायकलला कसला आलाय श्वास?"

पाना लावून दोघींनी पेडलं सोडवली. ती हातात तोलत वान-रू म्हणाली, "अख्खी सायकल काही देवळात नेता येणार नाही. एवढी पेडलं आईच्या धूपावरून फिरवून आणाल? आणि माझ्यासाठी कौलही लावा. ती नाही म्हणाली तर मी खरंच जाणार नाही. मी स्वतः लावला तर मनासारखा येईपर्यंत लावत बसेन. तुमचं तसं नाही."

युए-च्यावनं पेडलं भाजीच्या पिशवीत टाकली आणि निघाली.

देवळात दुपारची शांतता होती. पुजारी ल्यावकाका राख चाळत बसले होते. तिनं पेडलं धूपपात्रावरून तीनदा फिरवली, मग कौलाचे लाकडी अर्धचंद्र हातात धरून गुडघ्यांवर बसली. एक उपडा, एक उताणा पडला तर आईचा होकार. दोन्ही उपडे तर नकार. दोन्ही उताणे तर आई हसली, पुन्हा विचारायचं. तिनं मनात विचारलं, वान-रूनं जाऊ नये, हो ना? दोन्ही उताणे पडले. पुन्हा विचारलं. पुन्हा उताणे.

ल्यावकाका राखेवरून मान न उचलता म्हणाले, "काय विचारतेस बाई एवढं? हसून हसून पोट दुखेल तिचं."

तिचे कान तापले. मग तिनं सरळ विचारलं, वान-रूनं जावं का? होकार आला. खात्रीसाठी आणखी दोनदा लावायचा असतो. दोन्ही वेळा होकारच. पदर पसरून मागावं आणि नेमकं दुसऱ्याच्या ओटीत पडावं, तसं तिला झालं. आईवर ती पहिल्यांदाच रुसली.

परतताना कालव्याच्या पुलावर ती सायकलवरून उतरली. पाणी फार खोल नव्हतं, पण गाळ पुष्कळ होता. त्यात पडलेलं लोखंड कुणाला सापडलं नसतं. तेवढंही करायची गरज नव्हती म्हणा. 'नाही म्हणाली', एवढेच दोन शब्द बोलायचे होते. गाव तिचा शब्द देवळाच्या घंटेइतका खरा मानतं. तिथं उभी राहून तिनं तसंच बोलायचं ठरवलं.

अंगणात वान-रू सासूबाईंना पेज भरवत होती. अर्धी पेज सासूबाईंच्या गळ्यातल्या फडक्यावर सांडली होती. हिला बघून वान-रू चमचा हातात तसाच धरून उठली. चेहरा पांढरा पडला होता.

"होकार दिला," युए-च्याव म्हणाली. खोटं तोंडात तयार होतं, पण आईचं नाव घेऊन ते बाहेर पडेना. "तीनदा. पण मी सांगते, तू जाऊ नकोस."

"का?"

"कारण मला जायचं होतं."

वान-रूनं चमचा वाटीत ठेवला. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"आईंच्या देखत विचारलंस. काय बोलणार होते?"

"म्हणूनच विचारलं आईंच्या देखत," वान-रू म्हणाली. "तुम्ही याल म्हणून भीती वाटत होती. पालखीत कुणी मला नाव विचारत नाही, वहिनी. झेंडेवाल्या बाईची जाऊ म्हणतात. भात तुमच्या टोपलीत, उरला तर माझ्या हातात. एकदा तरी मला तुमच्याशिवाय कुठंतरी जायचं होतं."

युए-च्याव पिशवी हातात धरून उभी राहिली. इतकी वर्षं आपल्या पाठीमागे सायकल चालवणाऱ्या माणसाच्या पोटातही असाच निखारा असेल, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला, जरा बरंही वाटलं.

"तुमचं आवरलं असेल तर पेज भरवा कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. "गार झाली."

युए-च्यावनं पेडलं काढून चटईच्या तुकड्यात गुंडाळली आणि खोक्याच्या कोपऱ्यात घट्ट बसवली. मग चिकटपट्टी लावताना तोंड वर न करता म्हणाली, "परत आलीस की आईंना भरवायला नीट शिक. मी काही जन्मभर इथं बसणार नाही."

वान-रू गेली. रोज संध्याकाळी फोनवर फोटो यायचे. युए-च्याव ते सासूबाईंना दाखवायची आणि स्वतः पुलापेक्षा वान-रूच्या शेजारी कोण उभं आहे तेच जास्त बघायची. निखारा काही विझला नव्हता.

वान-रू आली त्या दिवशी सायकल सोडवायला दोघी बसल्या. खोकं भंगारवाल्याला देऊ का, असं वान-रूनं विचारलं. युए-च्यावनं पट्टी अलगद सोडवली, खोकं नीट घडी घालून सपाट केलं, आणि सासूबाईंच्या पलंगाखाली सरकवलं.

"काय गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "लागेल."

वान-रूनं पेजेची वाटी उचलली आणि या वेळी चमचा थोडा कमी भरला.