रहीमची आई

लग्नानंतर महागावहून यवतमाळची मोटार सुटायची वेळ झाली, तेव्हा आईनं खिडकीशी येऊन मला शेवटचं बजावलं, "मालकाचं नाव घेऊ नको वं बाई. माह्या तोंडून निंगालं काय कधी?" बाळांनो, मी इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली. मनात हसले, पण आईचं ऐकलं.

१९५७ साल असेल. तुमचे आजोबा यवतमाळच्या तुरुंगात कारकून होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांत मला घरची फार आठवण यायची. घरापासून माझ्याहून कितीतरी लांब पडलेला एक माणूस त्याच तुरुंगात होता, गावोगाव हिंग विकणारा काबुली. राहण्याचा परवाना संपला म्हणून धरलेला. शिक्षा भोगून झाली, पण ओळख पटल्याशिवाय त्याला मायदेशी धाडता येईना. दिल्लीतल्या त्याच्या देशाच्या दूतावासाला लिहायची त्याला मुभा होती. पण कैद्याचं पत्र आधी जेलरसाहेब वाचत, आणि त्याची लिपी तिथं कुणालाच येत नव्हती. पत्र इंग्रजीत हवं, आणि आजोबांचं इंग्रजी कच्चं, म्हणून त्यांनी मला लिहायला बोलावलं.

बापाचं नाव, गाव, सगळं त्यानं सांगितलं. बायकोचं नाव विचारताच मान खाली.

"काहून बे, बायकोचंच नाव मालूम नाही?" जेलरसाहेब चिडले. "खोटं बोलून राह्यला हा. राहू द्या ते पत्र."

"साहब, घर की औरत का नाम बाहर नहीं बोलते," तो पुटपुटला.

पत्र राहिलं असतं तर तोही आतच राहिला असता. मी धीर करून, आजोबांकडे बोट दाखवत म्हटलं, "साहेब, यांचं नाव मला विचारा बरं. मीही नाही घेणार."

"मंग उखाण्यात घ्यायले सांगा त्याले!" साहेब हसत सुटले. आजोबा लाजून दौतीकडे बघत राहिले.

मी काबुल्याला मुलाचं नाव विचारलं. "रहीम." मग पत्रात बायकोच्या नावाच्या जागी मी लिहिलं, रहीमची आई. साहेबांनी सही केली.

कित्येक महिन्यांनी दिल्लीहून उत्तर आलं : गावात चौकशी केली, हा आमचाच माणूस आहे, पाठवून द्या. जाताना तो मला "रहीम की बुआ" म्हणाला. रहीमची आत्या. परक्या यवतमाळात मला मिळालेलं ते पहिलं नातं.

आता परदेशात परके तुम्ही आहात. तिकडे कधी कुणी अडवलंच, तर आपल्या दूतावासाला कळवायचं आहे म्हणून ठाम सांगा. लांबून विचारणा झाली की जिथून "हो, आमचाच" असं उत्तर येतं, त्याला मी आता घर म्हणते. फॉर्मवर घरच्या माणसाचा रकाना असतो ना? तिथं माझं नाव लिहा. पूर्ण लिहा. मधलं नाव आजोबांचं आहे. मी अजून तोंडानं घेत नाही.