निळ्या वासराची तीट

आधी माफी मागते. माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी सांगून ठेवलेलं बरं.

मी एरंडोलला गोधड्या शिवते. पूर्वी कापडी बाहुल्याही शिवायचे. जळगावच्या एका व्यापाऱ्याकडे मुलांच्या कार्टून सिनेमाचं काम आलं. त्यातलं निळं वासरू कापडाचं करून थिएटरात विकायचं होतं. कंपनीने चित्र दिलं, तेही फक्त समोरून. पाठ कशी, शेपटी कुठे, तुकडे किती, हे मला ठरवायचं होतं. जुन्या लग्नपत्रिका कापून मी साचे केले. एक कान पडका दिसावा म्हणून त्यात कापूस कमी भरला. नमुना पास झाला. भाऊंनी, म्हणजे त्या व्यापाऱ्यांनी, कापडासाठी आणि मजुरीसाठी वीस हजार उचल दिली. आम्ही पाच जणींनी दोनशे वासरं शिवली. तोंडं सगळी मीच केली.

आणि प्रत्येकाच्या डाव्या गालावर काळ्या दोऱ्याने तीट भरली.

मुद्दाम ठरवून नाही. लेकराच्या हातात जाणारी वस्तू आमच्याकडे तिटेशिवाय घराबाहेर देत नाहीत. नमुन्याला भरली नव्हती, कारण तो ऑफिसात जाणार होता.

सिनेमा लागायला आठ दिवस होते. भाऊंनी पहिलं पोतं सोडलं, एक वासरू उजेडात धरलं.

"अक्का, हे काय?"

"तीट आहे."

"कोणी सांगितली होती?"

सोबत आलेली शेजारीण म्हणाली, "नजर नको लागाले म्हनीसन शे, भाऊ."

"आता लागलीच ना," ते म्हणाले.

दोरा उसवून पाहिला, तर कापडाला भोक राहिलं. कंपनीने सगळा माल नाकारला. दुसरीकडे विकायलाही बंदी, कारण तो चेहरा त्यांचा होता. प्रत्येक वासरू तोंडावरून कापून फोटो पाठवायचा, असा निरोप आला. भाऊंच्या गोदामात बसून मीच कापली, माझ्याच कात्रीने. पहिल्या दहा-बारांना वेळ लागला. मग हात सरावला, त्याचंच जास्त वाईट वाटतं. शेजारीण फोटो काढत होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बायकांना मजुरी देऊन झाली होती, ती मी परत मागितली नाही. उचल फेडायला अडीच वर्षं लागली. गोधड्या शिवल्या, साड्यांना फॉल लावले. बाहुली एकही नाही. भाचीला मुलगी झाली, तेव्हा टोपडंसुद्धा विकतचं नेलं.

परवा शेवटचे आठशे घेऊन गेले. भाऊंच्या काचेच्या कपाटात तो नमुना अजून होता, कोऱ्या गालाचा. त्यांनी नोटा मोजल्या, वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली. चहा मागवतो म्हणाले. मी नको म्हटलं. पैसे सगळे फिटले.