मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या घरात डॉक्टरपेक्षा केमिस्टचा शब्द मोठा. हे मी अभिमानाने सांगत नाही, जसं आहे तसं सांगते. गाझियाबादला आम्ही राहायला आलो तेव्हापासून सोसायटीच्या गेटसमोरचा केमिस्ट हाच आमचा पहिला डॉक्टर. खऱ्या डॉक्टरकडे नंबर लावा, दोन तास बसा, आणि आत गेलं की ते कॉम्प्युटरकडे बघूनच विचारणार, “हां, बोलिए.” केमिस्ट मात्र दुरूनच ओळखतो. “आंटीजी, घुटना कैसा है? अंकल की शुगर?” इतकं तर माझा भाऊसुद्धा विचारत नाही.

त्याच्याकडे एक कात्री आहे, दोरीने काउंटरला बांधलेली. दहा गोळ्यांचं पान असलं आणि आपल्याला सहाच हव्या असल्या, तर तो कचकन कापून देतो. नाव छापलेला भाग कधी आपल्याकडे येतो, कधी त्याच्याकडे राहतो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. नाव घेऊन करायचंय काय? आमच्याकडे गोळ्यांना रंगाने ओळखतात. सकाळची गुलाबी, जेवणाआधीची पांढरी चपटी, रात्रीची पिवळी.

सकाळ-संध्याकाळ गोळ्या काढून देणं हे माझं खातं. यजमान दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात होते, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही जवळजवळ तीस वर्षं काढली. हजार फायली सांभाळणारा माणूस, पण स्वतःच्या गोळीचं नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघणार. मी हात पुढे केला की गोळी तोंडात, वर पाणी. आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकतं याचं मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्याच क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, एका जुन्या कॅलेंडरचं चित्र होतं. श्रीलंकेतल्या मिहिंतले डोंगराचं. दोन्ही बाजूंना चाफा, मधून वर वर गेलेल्या दगडी पायऱ्या आणि टोकाला पांढराशुभ्र स्तूप. वर्ष संपलं, तारखा फाडून झाल्या, चित्र राहिलं. हे डबा घेऊन निघताना रोज त्याच्याकडे बघायचे. “एकदा या पायऱ्या चढायच्या. पौर्णिमेला. पायी.” आधी मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग फ्लॅट. अमरावतीहून दिल्लीला आलेल्या माणसाची स्वप्नं रांगेत उभी असतात, आणि हे स्वप्न आपलं शेवटच्या नंबरवर. शेवटी गेल्या वर्षी मुलीनेच तिकिटं काढली. “आता जा, नाहीतर गुडघे ऐकणार नाहीत,” म्हणाली.

निघायच्या पंधरा दिवस आधी हे एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. मी विचारलं, “काय म्हणाले?”

“बीपीची नवीन गोळी दिलीय.”

“आणि?”

“आणि काय, जा म्हणाले, फिरा.”

कागद केमिस्टकडे दिला. दुकानात ही गर्दी. मी मागून ओरडून विचारलं, “भैया, पुरानी वाली भी चालू रखनी है ना?” तो दुसऱ्याचं पान कापत होता. “जो चल रहा है चलने दीजिए आंटीजी.” झालं. माझ्यासाठी तो हुकूम. घरी बीपीच्या जुन्या, गुलाबी गोळ्या दोन महिन्यांच्या भरलेल्या होत्या, आणि आमच्याकडे भरलेली वस्तू वाया घालवायची पद्धत नाही.

सामान कमी करायचं म्हणून मी सगळी पानं सोलली. माझ्याकडे मिसळणाचा एक छोटा डबा आहे, सात वाट्यांचा. त्यातली हळद-मोहरी काढली, घासून पुसून उन्हात ठेवला आणि एकेका वाटीत एकेका रंगाची गोळी भरली. कव्हरं कचऱ्यात. मला इतकं भारी वाटलं की फोटो काढून मुलीला पाठवला. तिने फक्त डोक्याला हात लावलेलं चित्र पाठवलं. मी समजले, कौतुक करतेय.

अनुराधपूरला पोचलो. परदेश म्हणावा तर घड्याळाचा काटासुद्धा हलवावा लागला नाही, वेळ तीच. दोन दिवस बोधिवृक्ष पाहिला, स्तूप पाहिले, अनवाणी तापलेल्या फरशीवरून उड्या मारत चाललो. तिसऱ्या सकाळी हे पलंगावरून उठले आणि भिंत धरून उभे राहिले.

“काय झालं?”

“काही नाही. ऊन लागलं असेल.”

“सकाळी सहाला?”

नाश्त्यावरून उठतानाही तेच. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे पायऱ्यांचा दिवस. मी म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊ.”

“नको. डॉक्टर चढू देणार नाही. केमिस्टकडून चक्कर थांबायची गोळी घेऊ, आपण नेहमी घेतो तशी.”

मला ते पटलं, हेच तर सांगायचंय. मीसुद्धा म्हटलं, बरोबर आहे, केमिस्ट म्हणजे आपला माणूस.

दुकान आमच्या मुक्कामापासून चार घरं सोडून होतं. काउंटरमागे पन्नाशीच्या बाई, पांढरा कोट, चष्म्याला साखळी. हे ऑफिसच्या इंग्रजीत बोलले, चक्करेची गोळी द्या. बाईंनी गोळी दिली नाही. खुर्ची दिली. विचारलं, रोज काय काय औषधं घेता?

यांनी माझ्याकडे बघितलं. मी ऐटीत पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

बाईंनी डबा स्वतःकडे ओढून घेतला. मग हळूच विचारलं, यातली बीपीची कुठली?

“पिंक,” मी म्हटलं. “अँड धिस व्हाइट. न्यू.”

“नाव?”

नाव. माझ्या इंग्रजीत काय आणि मराठीत काय, ते नव्हतंच. उभ्या जन्मात मला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. हे शेजारून पुटपुटले, “सांग ना.”

“मी काय सांगू? तोंड तुमचं, गोळ्या तुमच्या.”

“डबा तुझा.”

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्या हसल्या आणि बीपीचं मशीन काढलं. आधी यांना बसवून मोजलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर आकडा इतका खाली गेला की बाईंचं हसू गेलं. म्हणाल्या, चक्कर थांबवायची गोळी मी देणार नाही. चक्कर का येते ते आधी शोधू. तुमच्या डॉक्टरांचा कागद कुठाय?

कागद गाझियाबादला, फ्रिजवर, चुंबकाखाली. मी आमच्या केमिस्टला फोन लावला. “भैया, अंकल का पर्चा है आपके पास?” त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्या सोसायटीचे कागद असतात. पाच मिनिटांत कागदाचा फोटो आला, आणि मी सांगितल्यावर दोन्ही गोळ्यांचे, कव्हरासकट. बाईंनी डब्यातली एकेक गोळी चिमट्याने उचलली, आकार, मधली रेघ, वरचं अक्षर फोटोशी ताडून पाहिलं. मग यांना समजावून सांगितलं आणि यांनी मला, मान खाली घालून.

नवीन पांढऱ्या गोळीच्या पोटात जुनी गुलाबी होतीच. वर आणखी एक औषध मिसळलेलं. म्हणजे एकीला घरी पाठवून दुसरीला आणलं होतं, आणि मी दोघींना रोज एकाच पंगतीत बसवत होते.

“मग गुलाबी आत्ताच फेकते,” मी म्हटलं.

बाईंनी हात आडवा केला. त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते मलाही इंग्रजीत कळलं. मला दिसतंय की चूक आहे, पण मी यांची डॉक्टर नाही. माझ्या सांगण्यावरून काही बंद करू नका. यांच्या डॉक्टरांना फोन करा. आत्ता, इथेच बसून.

मला आमच्या केमिस्टची आठवण झाली. तो तर फोनवरच म्हणाला असता, अरे आंटीजी, छोड़ दीजिए. आणि मी सोडली असती.

डॉक्टरांचा फोन तिसऱ्या वेळेला लागला. स्पीकर चालू होता. सगळं ऐकून ते म्हणाले, “सर, मैंने आपको बोला था ना, पुरानी बंद. कागज़ पर भी लिखा है. आपने गर्दन हिलाई थी.”

यांना तीस वर्षं मिटिंगांत मान हलवायची सवय.

मग डॉक्टरांनी सांगितलं, गुलाबी आजपासून बंद. रोज सकाळी बसून आणि उभं राहून बीपी मोजा, आकडे मला पाठवा. पुन्हा अंधारी आली, छातीत काही वाटलं, तर थेट हॉस्पिटल. “और चढ़ाई?” यांनी विचारलं. आवाज शाळेतल्या पोराचा. “मेरे बोलने तक नहीं.”

पौर्णिमा गेली. रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसा भरभरून डोंगराकडे जात होती आणि हे ओसरीवरच्या खुर्चीत बसून बघत होते. मी चहा नेला.

“रागावलात?”

“कुणावर रागावू? मान मी हलवली.”

“आणि मी दुकानात मागून ओरडले.”

“बरोबरच आहे. दोघांनी मिळून केलं.” चहाचा घोट घेतला. “दिल्लीपेक्षा चहा चांगला आहे.”

तेव्हा मला कळलं, आता काळजी नाही.

पुढचे दिवस मजेत गेले, खरंच. सकाळी उठायचं, दुकानात जायचं, बाई मशीन लावायच्या, आकडे चिठ्ठीवर लिहायच्या, मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवायची. बाईंनी माझा डबा रिकामा केला. तिकडे गोळ्या छोट्या कागदी पाकिटांतून देतात, वर हाताने नाव आणि वेळ लिहून. तशी पाकिटं करून, ज्या गोळीची खात्री पटली तीच आत घालून, त्यांनी ती परत डब्यात रचली. जिची पटली नाही ती बाजूला काढली. झाकण आता लागत नव्हतं, रबरबँड लावावं लागलं. मला म्हणाल्या, यांना देण्याआधी नाव मोठ्याने वाचा. मी वाचायला लागले. ती नावं म्हणजे दात पाडणारी. हे हसायचे, पण ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी तर स्वतःच हात मागे घेऊन म्हणाले, “कुठली आहे? आधी सांग.”

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. जाइए, पर आराम से, बैठ-बैठ के.

पायऱ्या रिकाम्या होत्या. पौर्णिमेची गर्दी ओसरलेली, चाफ्याची फुलं पायऱ्यांवर पडलेली, कुणी तुडवलेलीही नाहीत. हे दहा-पंधरा पायऱ्या चढायचे, बसायचे. उठायच्या आधी मी म्हणायची, “थांबा, एकदम उठू नका.” हे म्हणायचे, “बरं बाई.” खालून वरपर्यंत आम्हाला सकाळ पुरली नाही. पण वर पोचलो, पायी. स्तूप कॅलेंडरमधल्यापेक्षा मोठा निघाला. हे बराच वेळ हात जोडून उभे होते, कुठेही न धरता. मी मात्र स्तूपाकडे कमी आणि यांच्या पायांकडे जास्त बघत होते.

मग सावलीत बसलो. हे म्हणाले, “पौर्णिमेला इतकी जागा मिळाली नसती बसायला.”

उतरल्यावर गाडी दुकानापाशी थांबवली. बाईंनी काही न विचारता मशीन लावलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि यांच्या हातात दिला. आकडा चांगला होता.

आता ती चिठ्ठी फ्रिजवर आहे, डॉक्टरांच्या कागदाच्या शेजारी, त्याच चुंबकाखाली. केमिस्टकडे मी अजूनही रोज जाते, घुटना कैसा है ऐकायला. फक्त त्याने कात्री उचलली की सांगते, “भैया, नाम वाला हिस्सा मेरी तरफ.”