मागच्या सीटचे पट्टे

मुक्ताच्या ओठावरची खपली आज सकाळी पडली. ती आरशात बघून हसली. मला मात्र तिच्याकडे बघवलं नाही.

गेल्या रविवारी मी गाडी चालवत होतो. मागे आई बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी ही पाच वर्षांची मुलगी. घाटाच्या पायथ्याशी अचानक म्हैस आडवी आली आणि मी करकचून ब्रेक दाबला. म्हैस वाचली. मुक्ता आईच्या हातून सुटून माझ्या सीटच्या पाठीवर आपटली. तिचा ओठ फुटला, आईचं मनगट मुरगळलं. मी जागचा हललोही नाही, कारण माझा पट्टा लावलेला होता.

गाडी कडेला घेऊन मी तिचा ओठ पुसत होतो, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तू कसा नाही पडलास?"

पट्टे मागेही होते, पण नवं कव्हर घालताना त्यांची टोकं मीच खाली दडपली होती. मांडीवरचं मूल सुखरूप, असं आपण धरूनच चालतो. मायेच्या हातांना किती ताकद असते, हे एक ब्रेक सांगून जातो.

मी कव्हर उचकटून पट्टे ओढून काढू लागलो. दुखरा हात सावरत आई मुक्ताला म्हणाली, "त्याचं नाही गं चुकलं. मला टोचायचे, म्हणून मीच त्याला ते आत घालायला सांगितलं होतं."

आईने असं कधीच सांगितलं नव्हतं. तरीही मी गप्प राहिलो.