मद्यपान : होय

"तोंड उघड."

डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी तोंड उघडलं. चार शिकाऊ डॉक्टरांसमोर त्यानं ते हुंगलं आणि त्यांच्याकडे वळून म्हणाला, "वास तर येत नाही. मग सकाळी सकाळी ही बडबड कसली?" सगळे हसले.

माझी बडबड एवढीच होती : "सर, हा माणूस पीत नाही."

उल्हासनगर कॅम्प तीनमधलं खाजगी हॉस्पिटल. दोन हजार चार-पाचचा काळ. यकृताच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. त्यासाठी दारूनं यकृत बिघडलेले पेशंट हवे होते, आणि लवकर हवे होते. मी तिथं रेकॉर्ड क्लार्क. सही आधी घ्यायची, माहितीचे रकाने नंतर भरायचे, ही तिथली रीत. रकाने मराठीत मी भरायचो, इंग्रजीत डॉक्टर उतरवायचा.

हा माणूस म्हणजे मिलिंद. अंबरनाथला आमच्याच वस्तीतला. आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात थिनरनं पिंपं धुवायचा. डोळे पिवळे झाले म्हणून मीच त्याला आणलं होतं. दारूचं विचारलं तर हसला. "काय काका! दर रविवारी विहारात पाचवं शील तुमच्याच मागे म्हणतो ना मी?" पाचवं शील, दारूला न शिवण्याचं.

"तुझ्या वस्तीतला ना?" डॉक्टर म्हणाला. "मग विचारतोस काय? होय लिही."

मी लिहिलं. नोकरी होती, पोरीचं लग्न व्हायचं होतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आलो.

मिलिंद चार महिन्यांत गेला. त्याची बायको सुजाता सगळे कागद घेऊन कारखान्यात गेली. थिनरच्या वासानं झालं का, एवढंच तिला विचारायचं होतं. साहेबानं तिच्याच कागदांतलं एक पान, हॉस्पिटलच्या फॉर्मची पेशंटला दिलेली प्रत, काढून तिच्यापुढे धरलं. "बाई, नवरा बेवडा होता तुमचा. थिनरला कशाला नावं ठेवता?"

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. चोरून प्यायचा म्हणे. शीलं म्हणायचा आणि प्यायचा.

सुजाता माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. पान पुढे केलं.

"काका, विहाराच्या फळ्यावर सूचना तुम्हीच लिहिता ना? 'ह'ची शेपटी अशीच ओढता तुम्ही."

तिनं पानाची घडी घातली.

"पोरगा विचारतोय, पप्पा प्यायचे का. तुम्हीच सांगा त्याला."

दुसऱ्या दिवशी बेलवलीचा एक म्हातारा टेबलासमोर बसला. दारू पिता का विचारलं. म्हणाला, "पिऊन गेलो तं म्हातारी घरान घेल का मना?" मी लिहिलं : नाही.

डॉक्टरनं पान बघितलं. "खोड. होय कर."

"खोडणार नाही."

"काय झालं रे तुला? तोंड उघड बघू."

मी ओठ घट्ट मिटले. फॉर्मच्या पिवळ्या प्रती कपाटातून काढल्या, पिशवीत घातल्या आणि बाहेर पडलो. न पिणारी अकरा माणसं होती त्यांत, मिलिंद धरून. अकराही जणांपुढे माझ्या हातचं 'होय'.

पण ते ओठ मी तेव्हापासून मिटलेलेच ठेवले. पोराला काही सांगितलं नाही. सुजाता माझ्याशी पुन्हा बोलली नाही. डॉक्टर मोठा झाला. त्या संशोधनाचं प्रमाणपत्र त्याच्या दवाखान्यात चौकट करून लावलंय, मी जाऊन बघून आलो.

मला त्याची माफी नको. त्याची अब्रू हवी. मिलिंदची घेतली तशीच, चारचौघांत.

येत्या रविवारी विहारात पाचवं शील म्हणून झालं की मी उभा राहणार. मिलिंदचा पोरगा आता पुढच्या रांगेत बसतो. लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव आधी घेणार. मग अकरा जणांची.

सोमवारी डॉक्टरच्या दवाखान्यात. बाकं पेशंटनी भरलेली असतील तेव्हा. तिथंही हीच नावं, मोठ्यानं. तो म्हणेल, म्हातारा पिऊन आलाय. म्हणू दे.

मी त्याच्या नाकाशी जाऊन तोंड उघडणार आहे.