गुलाल आणि दोन पिवळ्या रेघा
मतमोजणीच्या बातमीला गेलो की गुलालाचा कोरडा वास नाकात जातो आणि साताऱ्याच्या कॉलेजमधली डार्क रूम आठवते. भौतिकशास्त्राची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि वडूजकडचा माझा मित्र धापा टाकत उशिरा आत शिरला. त्याची आई ग्रामपंचायतीला उभी होती, निकाल त्याच सकाळी लागला होता आणि तोंडभर लागलेला गुलाल धुवायला त्याला वेळ मिळाला नव्हता. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी हाकललं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं. पण खोलीत फक्त सोडियमचा दिवा होता आणि त्याच्या निव्वळ पिवळ्या उजेडात गुलाबी रंग काळपट दिसतो. "गॅरेजमधून आलास का?" परीक्षकांनी विचारलं. "व्हय सर," म्हणत तो वर्णपटमापीच्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. सोडियमच्या उजेडातल्या, अगदी शेजारी असलेल्या दोन पिवळ्या रेघा सुट्या करून दाखवायच्या होत्या. त्याला त्या सापडल्या. परीक्षकांनी वाकून खात्री केली आणि मग त्याच दुर्बिणीतून आम्ही सगळ्यांनी एकेक करून पाहिलं. बाहेर उन्हात आलो तर प्रत्येकाच्या एका डोळ्याभोवती गुलाबी कडं होतं. परीक्षक हसत सुटले. "सर, तुमच्या बी डोळ्याला हाय," मित्र हळूच म्हणाला. त्यांनी डोळा पुसला, रुमालाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण निवडून आलं?" "आई, सर." "मग कपाळालाही लाव की," म्हणत ते खाली वाकले. बातमीदाराने कुणाचाच गुलाल लावून घ्यायचा नसतो, हे मी पुढे शिकलो आणि पाळलं. त्याआधी एकदा लागला, तो पिवळ्या उजेडात, नकळत.