जिनाच्या राखेचा हौद

निजामी अमलात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, आमच्याकडं सिमेंट नजरेला पडत नव्हतं. माझ्या आत्याला मात्र हौद बांधायचा होता, आणि तोही तिच्या यजमानांचं वर्ष भरायच्या आत.

मुरुम गावच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर तिच्या शेताशी एक चढ आहे. तो चढून आलेले बैल तोंडाला फेस आणून उभे राहत. इथं त्यांच्यासाठी हौद बांधायचा, असं तिचे यजमान हयातभर म्हणत राहिले. त्यांना माती दिली त्या दिवशी आत्या सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "वर्षाच्या आत इथं बैल पाणी पितील." दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या मनात शंका फार लवकर येते. आजही येते.

नुसत्या चुन्याचा गिलावा पाण्याखाली टिकत नाही. आमचे गवंडीचाचा म्हणाले, "अम्मा, कापसाच्या जिनामागं, सरकी काढत्यात त्या कारखान्यामागं, दगडी कोळशाची राख पडलीय. धुरांड्याच्या बुडाची बारीक राख आणा, चुन्यात दळू. पाण्यात राहून दगड होतंय."

आमचं लिंगायतांचं घर. सकाळ कपाळावरच्या भस्मानं सुरू व्हायची. आत्याचे दीर खवळले. "कपाळाला लावायची राख, न् तिच्यावर पाय देणार?"

"भावजी, भस्म शेणाचं असतंय," आत्या म्हणाली. "ही जिनाची राख तुमी कपाळाला लावून दाखवा, हौद सोडून देते."

सगळे हसले; दीरही हसले. पण तिच्याही मनात कुठंतरी ते टोचत होतं. ती हळूच म्हणाली, "तरी चाचा, तिच्यावर कुणाचा पाय पडू देऊ नका."

"ओल्या गिलाव्यावर म्या मांजर बी येऊ देत न्हाय, अम्मा. तुमचा धरम न् माझा धंदा एकच बोलतोय."

राख आत्यानं स्वतः जुन्या लुगड्यातून चाळली. पापण्यांपासून पायापर्यंत ती राखाडी होऊन जायची. चुन्याच्या घाणीचं दगडी चाक बैल फिरवत आणि चुना-राखेचं मिश्रण लोण्यासारखं मऊ होई. चाचांनी तळाचा गिलावा पलीकडच्या कोपऱ्यापासून धरला आणि मागं सरकत सरकत, शेवटी भिंतीवरून बाहेर आले. आत एक पाऊलही उमटलं नाही. मग ओली पोती अंथरून तो वाळू न देण्याचं काम माझ्याकडं आलं. मी ते केलं, पण विश्वासानं नाही.

पुढं एका संध्याकाळी हौद काठोकाठ भरला. आत्यानं सांगितलं, उद्या सकाळी आपले बैल आणून त्यांच्या कपाळाला भस्म लावू, पहिलं पाणी त्यांना पाजू. वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते.

सकाळी मी आणि चाचा आधी पोचलो. पाणी वीतभर खाली गेलं होतं.

"फसली तुमची राख," मी म्हणालो. त्या म्हाताऱ्या माणसाला तोंडावर म्हणालो. चाचा काठावर बसून भिंतीवरून हात फिरवत राहिले.

माझं बोलणं ऐकतच मागून बैल घेऊन आत्या आली. मी पाण्याकडं बोट दाखवलं. तिनं पाणी बघितलं, आणि मग खाली जमीन बघितली. हौदाभोवती खुरांचा चिखल झाला होता, ताजं शेण पडलं होतं, आणि चाकोऱ्या सरळ मुरुमकडं गेल्या होत्या. पहाटेच बाजाराच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. माझं लक्ष पाण्यावरून हललंच नव्हतं.

आत्या हातात भस्म धरून तशीच उभी राहिली. पहिलं पाणी परक्या बैलांनी पिऊन टाकलं, याचं तिला वाईट वाटेल असं मला वाटलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"पावण्यांनी आधी पिलं. ह्यांना हेच पायजे होतं."

मग तिनं घागर माझ्यापुढं सरकवली.

"चाचांना बोललास न्हवं? मग वीतभर पाणी आता तूच भर."

मी विहिरीवरून घागरी वाहत होतो, आणि चाचा काठावर बसून प्रत्येक खेपेला म्हणत होते, "जरा जपून, मालक. सांडू नका."